रिपोर्टमधली सात नावं आणि खरं वावडं

पत्र:

डॉक्टर, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तीन वर्षांची असताना तिने शेंगदाणे घातलेलं बिस्किट खाल्लं आणि दहा मिनिटांत सगळ्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दोन उलट्या झाल्या. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, तासाभरात उतरलं. पुढे रक्ताची मोठी अ‍ॅलर्जी तपासणी केली. त्यात शेंगदाणा, दूध, अंडं, गहू, सोया, तीळ आणि बदाम असे सात पदार्थ पॉझिटिव्ह आले. दीड वर्ष झालं, सातही बंद आहेत. त्याआधी दूध, अंडं, गहू ती रोज खायची, तेव्हा काही व्हायचं नाही. आता तिचं वजन वाढत नाही, जेवायला बसवलं की रडते. सासूबाई म्हणतात, थोडं थोडं देत गेलं की अंगाला सवय होते. ह्यांचं म्हणणं, शाळेतच घालायला नको. मी रात्री दोनदा उठून तिचा श्वास बघते. धाकटा पाच महिन्यांचा आहे, त्याला गालांवर आणि हातापायांवर एक्झिमा आहे. त्याला शेंगदाणा किती वर्षं दाखवायचा नाही?
एक आई

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती रिपोर्टमध्ये नाही. ओघात लिहून गेलात त्या एका वाक्यात आहे: दूध, अंडं, गहू ती रोज खायची आणि काही व्हायचं नाही. मुलाने काय खाल्लं, किती खाल्लं आणि त्यानंतर किती वेळात काय झालं, यावर अन्नाच्या अ‍ॅलर्जीचं निदान उभं असतं. तपासणी त्या हकिगतीला दुजोरा देते किंवा तिच्याबद्दल शंका उभी करते. हकिगतीची जागा ती घेऊ शकत नाही. म्हणून आधीच स्पष्ट सांगते. तुमच्या मुलीला शेंगदाण्याची खरी आणि गंभीर अ‍ॅलर्जी आहे असं धरूनच चालायचं. उरलेल्या सहांपैकी दूध, अंडं आणि गहू या तीन नावांबद्दल मला दाट शंका आहे. तरीही आज रात्रीच तिला दुधाचा पेला देऊ नका. त्याचं कारण पुढे सांगते.

त्या तपासणीत नेमकं काय मोजतात ते आधी बघू. एखाद्या पदार्थातलं प्रथिन शरीराने धोक्याचं म्हणून नोंदवलं की त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. ती त्वचेत, श्वासमार्गात, आतड्यात असलेल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन पोटात गेलं की या पेशींमधून हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम बाहेर पडतात आणि काही मिनिटांत गांधी, सूज, उलटी, धाप असं सुरू होतं. रक्ततपासणी फक्त पहिला भाग पाहते: रक्तात ती प्रतिपिंडं आहेत का आणि किती आहेत. पण प्रतिपिंडं असूनही तो पदार्थ आनंदाने खाणारी, पचवणारी मुलं पुष्कळ असतात. एक्झिमा, म्हणजे कोरड्या, लाल, खाजणाऱ्या त्वचेचा त्रास, असलेल्या मुलांमध्ये तर असे पॉझिटिव्ह आकडे सर्रास दिसतात. संशयितांच्या यादीत नाव आलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं होत नाही, तसंच हे आहे.

म्हणूनच एकदम वीस-तीस पदार्थांची तपासणी करायची नसते. ज्याच्याबद्दल हकिगतीतून शंका आली आहे, त्याचीच करायची. तुमच्या मुलीच्या बाबतीत शेंगदाणा तपासणं बरोबर होतं. आधी कधी खाल्ले नसतील तर सुकामेवा आणि तीळ तपासण्यालाही अर्थ होता, कारण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांमध्ये त्यांचीही असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. रोज सुखाने पचणारा गहू त्या यादीत टाकायचं काहीच कारण नव्हतं. रिपोर्ट पुन्हा काढून एक गोष्ट पाहा. त्यावर आयजीई लिहिलंय की आयजीजी? आयजीजीची तपासणी असेल तर तो कागद बाजूला ठेवा. आयजीजी प्रतिपिंडं आपण जे खातो त्याविरुद्ध सगळ्यांच्याच रक्तात तयार होतात, त्यावरून अन्नाची अ‍ॅलर्जी ठरवू नये असं अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांनी स्पष्ट सांगितलं आहे. तरी त्या तपासण्या विकल्या जातात, आणि त्यापायी मुलांच्या ताटातून एकेक पदार्थ उठतो, याचा मला मनापासून राग येतो.

आकड्याबद्दलही एक समजून घ्या. आयजीईचा आकडा जितका मोठा, तितकी खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता जास्त. पण प्रतिक्रिया किती गंभीर होईल हे त्या आकड्यावरून कळत नाही. मागची प्रतिक्रिया सौम्य होती म्हणून पुढचीही सौम्यच असेल, असंही नाही. त्या वेळी किती खाल्लं, अंगात ताप होता का, लगेच धावपळ झाली का, दमा आटोक्यात आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. तिला दमा किंवा वारंवार खोकला, छातीतून शिट्टीसारखा आवाज असं काही असेल तर त्याचा उपचार अजिबात ढिला सोडू नका. आटोक्यात नसलेला दमा हे गंभीर प्रतिक्रियेमागचं मोठं कारण असतं.

आता दूध आजच का नको, ते. जो पदार्थ मूल नियमित खातंय, त्याची सहनशीलता त्या खाण्यानेच टिकून राहते. प्रतिपिंडं असलेल्या मुलाचा तो पदार्थ महिनोन्महिने तोडला आणि मग अचानक दिला, तर कधीकधी पूर्वी कधीही न झालेली तीव्र प्रतिक्रिया होते. हे एक्झिमाच्या मुलांमध्ये विशेष पाहिलं गेलं आहे. दीड वर्षाचा खंड पडल्यामुळे आता परत सुरुवात करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. म्हणजे कारण नसताना पदार्थ बंद करणं हा निरुपद्रवी सावधपणा नसतो. वजन अडतं ते दिसतं. सहनशीलता जाते ती दिसत नाही.

त्यासाठी बालअ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे 'फूड चॅलेंज' करतात. निदानाची सगळ्यात भरवशाची पद्धत हीच. त्या दिवशी मूल पूर्ण बरं असावं लागतं, सर्दी-ताप नको. आधी काही दिवस अँटिहिस्टामिन, म्हणजे गांधी-खाज कमी करणारं औषध, बंद ठेवतात, किती दिवस ते औषधावर अवलंबून, डॉक्टर सांगतील. सकाळी दवाखान्यात एक अगदी छोटा घास किंवा चमचाभराहूनही कमी दूध देतात. मग पंधरा-वीस-तीस मिनिटं थांबायचं. या वेळात नर्स तोंडाभोवती, पोटावर, पाठीवर गांधी दिसतात का पाहते, छाती तपासते, मुलाचा आवाज ऐकते. काही नसेल तर त्याहून मोठा घास, पुन्हा थांबणं. असं करत वयाला साजेसा पूर्ण वाटा पोटात गेला की आणखी एक-दोन तास बसवून ठेवतात. अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी भरून ठेवलेलं असतं, गंभीर प्रतिक्रिया आली तर द्यायचं औषध तेच. दिवस मोडतो, मूल कंटाळतं, आईच्या हाताला घाम फुटतो. पण संध्याकाळी एक नाव यादीतून जातं किंवा पक्कं होतं. चॅलेंज पार पडलं की तो पदार्थ घरी नियमित द्यायचा, पुन्हा कपाटात ठेवून द्यायचा नाही.

कुठल्या क्रमाने जायचं हे तज्ज्ञ ठरवतील. मला विचाराल तर आधी गहू आणि दूध, कारण तिच्या वाढीला आणि रोजच्या जेवणाला त्यांचीच सगळ्यात जास्त गरज आहे. मग अंडं. तीळ आणि बदाम तिने आधी खाल्ले होते का, सोया खाल्ला होता का, हे आठवून लिहून ठेवा. घरातल्या इतरांनाही विचारा, आजी-आजोबांनी दिलेलं आईला ठाऊक नसतं. त्वचेवरची प्रिक टेस्टही करतील. हातावर किंवा पाठीवर द्रावाचा थेंब ठेवून बारीक टोचतात आणि पंधरा मिनिटांनी उठलेली गाठ मोजतात. तिचाही अर्थ हकिगतीसोबतच लावायचा.

समजा दूध किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी खरीच निघाली, तरी खचू नका. या दोन्हींमधून बहुतेक मुलं मोठी होता होता बाहेर पडतात. शिवाय दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना भट्टीत नीट भाजलेल्या पदार्थातलं दूध चालतं, अंड्याचंही तसंच, कारण जास्त वेळच्या उष्णतेने त्या प्रथिनांची घडण बदलते. हेही घरी करून पाहायचं नाही, विचारूनच. गाईचं दूध चालत नसेल तर शेळीचं किंवा म्हशीचं देऊन बघू, असं सुचवणारे भेटतील. देऊ नका. त्यातली प्रथिनं इतकी सारखी असतात की बहुतेक मुलांना तीही बाधतात. आणि दूध प्यायल्यावर फक्त पोट फुगतं, जुलाब होतात, तो दुधातली साखर न पचण्याचा प्रकार असतो. त्याचा या सगळ्याशी संबंध नाही.

शेंगदाण्यातून मात्र साधारण पाचातलं एक मूलच बाहेर पडतं. म्हणून तो दीर्घकाळ टाळायचा आहे या तयारीने राहा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा फेरतपासणी करत राहा. आता हे नीट ऐका: दहा मिनिटांत अंगभर गांधी, ओठांची सूज आणि सोबत उलट्या, ही जिवावर बेतू शकणारी प्रतिक्रिया, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस होती. श्वास लागला नव्हता म्हणून 'साधी अ‍ॅलर्जी' म्हणायची चूक बऱ्याच ठिकाणी होते. अ‍ॅलर्जीचा पदार्थ खाल्ल्यावर त्वचेसोबत पोट, श्वास किंवा रक्ताभिसरण यांपैकी आणखी एक बिघडलं, तर त्या प्रतिक्रियेला तेच नाव आहे. तेव्हा दिलेलं 'इंजेक्शन' कोणतं होतं, हे त्या दवाखान्याच्या कागदावर पाहा. अ‍ॅड्रेनॅलिन नसेल तर पुढच्या वेळी ते मागायचं हे तुम्हाला माहीत असायला हवं.

यापुढचा भाग सासूबाई, तुमचे यजमान, तिला सांभाळणारं कुणीही असेल, सगळ्यांना वाचून दाखवा. अ‍ॅनाफिलॅक्सिसवर पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिन, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायचं. डोस वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅम. या मापाचे तयार ऑटोइंजेक्टर पेन मिळतात. सगळीकडे ते मिळतातच असं नाही. मिळत नसतील तर डॉक्टर अँप्यूल, म्हणजे औषधाची छोटी कुपी, आणि सिरिंज लिहून देतात, तिच्या वजनाचा डोस कुठल्या रेघेपर्यंत भरायचा ते दाखवतात, आणि तुमच्याकडून तिथेच करून घेतात. हे शिकल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. पेनचं सरावाचं, बिनसुईचं यंत्रही मिळतं, त्यावर घरातल्या प्रत्येकाचा हात बसू द्या.

प्रत्यक्षात असं करायचं. तिला आडवं झोपवा आणि पाय थोडे वर घ्या. धाप लागली असेल तर पाय लांब करून बसवा, उलट्या होत असतील तर कुशीवर वळवा. तिची मांडी एका हाताने घट्ट धरा, लहान मुलं पाय झटकतात आणि सुई ओरबाडते. पेन मुठीत धरा, अंगठा टोकावर ठेवू नका, टोपण काढा, मांडीला काटकोनात टेकवून आवाज येईपर्यंत दाबा आणि पेनवर लिहिलं असेल तितके सेकंद तसंच धरून ठेवा. कपडे काढत बसू नका, पातळ कापडातून चालतं. वेळ लिहून ठेवा. रुग्णवाहिका बोलवा. पाच मिनिटांत फरक नाही तर दुसरा डोस, म्हणून दोन पेन जवळ असावे लागतात. तिला बरं वाटू लागलं तरी उठून चालू देऊ नका, गाडीपर्यंतसुद्धा नाही, उचलून न्या. एकदम उभं केलं की रक्तदाब कोसळू शकतो. आणि सगळं उतरलं असं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबा, कारण काही मुलांमध्ये काही तासांनी लक्षणं पुन्हा उलटतात.

अँटिहिस्टामिनच्या सिरपवर विसंबून वेळ घालवू नका. त्याने गांधी आणि खाज कमी होते, त्यामुळे मूल सुधारतंय असं दिसतं, पण घशाची सूज, श्वासनळीचं आवळणं आणि घसरणारा रक्तदाब यांना ते थांबवत नाही. फक्त चार-दोन गांधी आणि बाकी मूल खेळतंय, तेव्हा सिरप ठीक. आवाज बसला, खोकला थांबेना, घास गिळवेना, शिट्टीसारखा श्वास, चेहरा पांढरा, अंग ढिलं पडलं, किंवा गांधींबरोबर उलट्या, की अ‍ॅड्रेनॅलिन. द्यावं की नाही अशा विचारात पडलात तर द्या. या डोसने मुलाचं हृदय काही वेळ धडधडतं, हात थरथरतात, चेहरा उतरतो, आणि ते ओसरतं. उशिरा दिल्याने जे होतं ते प्रत्येक वेळी ओसरत नाही.

लहान मुलं लक्षण मोठ्यांच्या भाषेत सांगत नाहीत. 'जिभेवर केस आहे', 'तोंडात मुंग्या आहेत', 'घशात काहीतरी बसलंय' असं म्हणतात, जीभ ओढतात, कान चोळतात, खेळता खेळता एकदम गप्प होऊन मांडीवर येऊन बसतात. तिला आत्तापासून एवढं शिकवा: खाल्ल्यावर काहीही वेगळं वाटलं तर लगेच मोठ्या माणसाला सांगायचं, आणि त्यासाठी कुणी रागावणार नाही. साडेचार वर्षांचं मूल हे पक्कं शिकतं.

सासूबाईंचं म्हणणं झिडकारू नका. त्यांच्या बोलण्यात तथ्याचा अंश आहे, फक्त घरच्या चमच्याने ते करता येत नाही. तोंडावाटे इम्युनोथेरपी नावाचा उपचार नेमका याच तत्त्वावर चालतो. शेंगदाण्याच्या प्रथिनाचं अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरू होणारं मोजलेलं प्रमाण, प्रत्येक वाढ दवाखान्यात, महिनोन्महिने. अमेरिकेत 2020 साली अशा औषधाला मान्यता मिळाली. एका शेंगदाण्यात प्रथिन शेकडो मिलिग्रॅम असतं, तेव्हा 'चिमूटभर' म्हणजे किती पटींनी जास्त होईल ते त्यांना समजावून सांगा. या उपचाराने बहुधा अ‍ॅलर्जी मुळापासून जात नाही. चुकून थोडं पोटात गेलं तर गंभीर होऊ नये, इतपत तो उंबरठा वर नेतो, आणि तोही रोजचा डोस चालू आहे तोवर. वाटेत त्या डोसनेच प्रतिक्रिया येण्याचा धोकाही असतो. 2024 मध्ये ओमालिझुमॅब या इंजेक्शनालाही चुकून होणाऱ्या प्रतिक्रिया कमी करण्यासाठी तिथे मान्यता मिळाली, एक वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी. तुमच्या मुलीला यातलं काही हवं का, हा प्रश्न आधी खरं निदान झाल्यावरचा. पण सासूबाईंना सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं वेगळं पोचतं, आणि त्यांची नातीबद्दलची माया तुमच्या बाजूला हवीच आहे.

शाळेत घाला. यजमानांची भीती मी समजू शकते, पण एका पदार्थाची ठरलेली अ‍ॅलर्जी असलेलं मूल तयारी असेल तर शाळेत सुरक्षित राहतं. आज सात पदार्थांचं ओझं आहे म्हणून ते अशक्य वाटतंय. निदान नीट झालं की शाळेला सांगायची गोष्टही आटोपशीर होईल. वर्गशिक्षिकेला स्वतः भेटा. डॉक्टरांच्या सहीचा एका पानाचा आराखडा द्या: मुलीचा फोटो, कशाची अ‍ॅलर्जी, लक्षणं, कोणती दिसली की काय द्यायचं, कुणाला फोन. अ‍ॅड्रेनॅलिन कुलूपबंद कपाटात नको, जिथे मूल तिथे औषध. मैदानावर, सहलीला, सगळीकडे. ते साध्या खोलीच्या तापमानात ठेवायचं. उन्हात उभ्या गाडीत नको, फ्रिजमध्ये नको, आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. डबा वाटून खायचा नाही हा नियम सगळ्या वर्गाला लावला तर ती एकटी पडत नाही. तिला वेगळ्या कोपऱ्यात एकटीला जेवायला बसवू देऊ नका. त्याने सुरक्षितता फारशी वाढत नाही आणि मूल मनातून कोमेजतं. कुणी चिडवण्यासाठी तोंडापुढे शेंगदाणा धरला, तर तो खोडकरपणा म्हणून सोडून द्यायचा नाही, हे शिक्षिकेला आधीच सांगून ठेवा.

हात धुण्याबद्दल एक बारीक पण कामाची गोष्ट. शेंगदाण्याचं प्रथिन साबण-पाण्याने किंवा ओल्या वाइप्सनी निघतं, सॅनिटायझरने निघत नाही. सॅनिटायझर जंतू मारतो, प्रथिन हातावर तसंच राहतं. आणि शेजारच्या मुलाच्या डब्यातून शेंगदाण्याचा वास आला म्हणून अ‍ॅनाफिलॅक्सिस होत नाही. वास म्हणजे प्रथिन नव्हे. धोका पोटात जाण्यात आहे.

पाकिटावरचा मजकूर प्रत्येक वेळी वाचा, नेहमीचंच पाकीट असलं तरी. कंपन्या घटक बदलतात आणि पाकिटाचा रंग तोच राहतो. दुकानात एकदा, घरी ठेवताना एकदा, देताना एकदा. 'अंश असू शकतो' ही सूचना पुष्कळ देशांत कंपनीच्या मर्जीवर असते, त्यामुळे ती नसली म्हणजे पदार्थ निर्धोक असं समजता येत नाही. शंका असेल तर घेऊ नका. कच्च्या घाणीच्या शेंगदाणा तेलात प्रथिन राहतं, ते टाळा.

रात्री उठून श्वास बघणं आता थांबवा, असं नुसतं सांगून थांबणार नाही, म्हणून कारण देते. या प्रकारची प्रतिक्रिया जवळजवळ नेहमी खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोन तासांत सुरू होते. ती हवेतून, झोपेत, आपोआप येत नाही. जेवण तुम्ही वाढलेलं, तुम्हाला माहीत असलेलं, आणि जेवून तीन तास झाले, तर त्या रात्री तिच्या श्वासावर पहारा द्यायचं कारण उरत नाही. त्याऐवजी संध्याकाळचं जेवण झोपेच्या अगदी आधी नको, थोडं लवकर घ्या. तरीही झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, तर तुमच्यासाठीही डॉक्टर गाठा. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या आयांमध्ये ही चिंता फार दिसते आणि तिच्यावर उपाय आहेत.

वजनाचं म्हणाल तर गेल्या दोन-तीन वर्षांच्या उंची-वजनाच्या सगळ्या नोंदी घेऊन जा. आलेख घसरलाय की मूळचाच तसा आहे, ते त्यावरून दिसतं. चॅलेंजेस होईपर्यंत आहारतज्ज्ञांची मदत घ्या, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह आणि प्रथिनं कुठून भरून काढायची ते ठरवायला. जेवताना रडणारं मूल हट्टी असेलच असं नाही. दीड वर्ष ती प्रत्येक घासाबरोबर मोठ्यांच्या चेहऱ्यावरची धास्ती पाहते आहे.

राहिला धाकटा. त्याच्याबद्दलचं उत्तर कदाचित तुम्हाला उलटं वाटेल: शेंगदाणा त्याला लवकर द्यायचा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं सांगितलं होतं. त्याने अ‍ॅलर्जी कमी होते याला पुरावा मिळाला नाही आणि 2008 मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. मग 2015 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गिडियन लॅक यांच्या गटाचा लीप नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली चार ते अकरा महिन्यांची 640 बाळं. निम्म्यांना शेंगदाणा नियमित, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. पाचव्या वर्षी, ज्यांनी खाल्ला त्यांच्यात अ‍ॅलर्जीचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी कमी होतं. यामागचं एक स्पष्टीकरण मला फार पटतं. एक्झिमाच्या भेगाळलेल्या त्वचेतून घरातल्या धुळीतलं अन्नाचं प्रथिन आत शिरतं तेव्हा शरीर त्याच्याविरुद्ध तयार होतं, आणि तेच प्रथिन आधी तोंडावाटे, पोटातून आलं तर त्याला आपलं म्हणून स्वीकारायला शिकतं. म्हणून त्याच्या त्वचेचा उपचार मनापासून करा. दिवसातून दोनदा जाडसर मॉइश्चरायझर, आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम भीतीपोटी अर्ध्यावर सोडायचं नाही.

पण त्याचा पहिला चमचाही परस्पर देऊ नका. एक्झिमा तीव्र असेल, आणि तुमच्या वर्णनावरून बराच वाटतो, तर आधी तपासणी करतात आणि निकाल पाहून पहिला घास घरी द्यायचा की दवाखान्यात ते ठरवतात. म्हणून बहिणीच्या भेटीच्या वेळीच त्यालाही दाखवा, महिना-दोन महिने पुढे ढकलू नका, ही संधीची वेळ लहान असते. अख्खा किंवा तुकडे केलेला शेंगदाणा पाच वर्षांखालच्या मुलाला कधीच नाही, श्वासनळीत अडकतो. गुळगुळीत वाटलेला, कोमट पाण्यात किंवा आईच्या दुधात पातळ केलेला, चमच्याच्या टोकावर. तो इतर वरचं अन्न घ्यायला लागलेला असावा, त्या दिवशी बरा असावा, आणि वेळ सकाळची, म्हणजे नंतर दोन तास नजर ठेवता येते. पचला की आठवड्यातून तीनदा, एका वेळी साधारण दोन ग्रॅम प्रथिन होईल इतका, चालू ठेवायचा. सुरू करून सोडून देणं नको. घरात बहिणीला अ‍ॅलर्जी असल्यामुळे त्याला ती दुसऱ्या खोलीत असताना भरवा, वाटी-चमचा वेगळा ठेवा, आणि नंतर त्याचं तोंड, हात, खुर्चीची फळी साबण-पाण्याने पुसून घ्या.